घरच्या कार्यक्रमासाठी ग्लूटेन फ्री स्टार्टर कसे करायचे?

तुम्ही विचारलंय की घरी साखरपुडा आहे, पाहुण्यांत एका मुलाला गहू चालत नाही, तर जेवणाआधी द्यायला घरच्या घरी काय करता येईल आणि बदामाचं पीठ अन् झँथन गम सोलापुरात कुठं मिळेल. शेवटी लिहिलंय, "एखादा घास गेला तर काही होत नसेल ना?"

बदामाचं पीठ आणि झँथन गम दोन्ही आणू नका. झँथन गम ही चिकटपणा आणणारी पूड, ती लागते गव्हाच्या पावाची, केकची नक्कल करायला. तुम्हाला पाव करायचा नाहीये. तुम्ही ज्वारीच्या गावात राहता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मालदांडी ही ज्वारीची जात आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढं आली, आणि ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं गव्हातलं चिकट प्रथिन, मुळीच नसतं. बाजरीत नाही, तांदळात नाही, नाचणी, मका, राजगिरा, भगर, साबुदाणा, सगळ्या डाळी, कशातच नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) एवढ्यांत असतं. म्हणजे मैदा, रवा, दलिया, शेवया, सातूचं पीठ बाद. खपली गहूसुद्धा बाद. "खपली पचायला हलका, त्याला चालेल" असं सांगणारे दुकानदार मला भेटलेत. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. त्याच्यासाठीच मी लिहायला बसले.

माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे. शाळेत रांगेत कायम पुढं उभी राहायची, इतकी उंची खुंटलेली. हिमोग्लोबिन वाढेना. लोहाचं औषध झालं, बीट झालं, खजूर झाला, आपल्या भागातलं डाळिंब तर पोत्यानं झालं. येणारा-जाणारा सांगायचा, पोरीला नीट खायला घाला. आणि आम्ही घालत होतो ते काय, तर दूध-पोळी. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे हा आजार ओळखायची, रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं. या आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतली बारीक लव झडते, आणि अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम तीच लव करते. मग डाळिंब कितीही खा, लोह अंगाला लागणार कुठून? औषध एकच, गहू जन्मभर बंद. गहू बंद झाल्यावर लेक भराभर वाढली, तिला आता माझे ड्रेस होतात.

मग थोरल्या दिरांच्या घरची वास्तुशांत आली. जुळे सोलापुरात नवं घर, सगळा गोतावळा जमलेला. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, करण्या-सवरण्यात एक नंबर. त्यांनी माझ्या लेकीसाठी मुद्दाम निव्वळ बेसनाची कोथिंबीर वडी केली होती. एरवी त्या कुरकुरीतपणासाठी त्यात रवा घालतात, तो घातला नव्हता. ताटली तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "ही तुझी हां, ह्यात गहू नाही." मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत लेकीनं खायला सुरुवात केली होती. मी विचारलं, "अक्का, तळल्या कुठल्या कढईत?" त्या म्हणाल्या, "सकाळी पुऱ्या तळल्या त्यातच. एवढं तेल काय ओतून देऊ?"

मी ताटली काढून घेतली. चार माणसांत काढून घेतली आणि आजही काढून घेईन. त्या तेलाच्या बुडाशी पुऱ्यांना लावलेलं पीठ जळून बसलेलं असतं, तेच वडीला चिकटतं. शिवाय वडीत हिंग होता. दुकानातला डबीतला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. डबी उलटी करून वाचा, लिहिलेलं असतं. रात्री लेकीला उलट्या सुरू झाल्या, दोन दिवस शाळा बुडाली.

पण त्या घरात चर्चा लेकीच्या पोटाची झाली नाही, माझ्या वागण्याची झाली. अक्का रडल्या. म्हणाल्या, "मी एवढं जीव लावून केलं आणि तू माझ्या कढईला नावं ठेवलीस." दीर म्हणाले, "आपल्या सात पिढ्यांत कुणाला गव्हानं काही झालं नाही. पोरीला एकेक घास द्यायला लागा, सवय होईल." कुणी म्हणालं हे फॅड आहे, कुणी म्हणालं नवीन सोवळं निघालंय.

सोवळं म्हणालात तर ऐका. अक्का पंढरीच्या वारकऱ्यांच्या घरातल्या. महिन्याच्या दोन्ही एकादशा करतात. साबुदाण्याचे वडे पुरीच्या कढईत तळलेले त्यांना चालत नाहीत, कढई वेगळी. पोळीचा चमचा भगरीत पडला तर भगर बाजूला ठेवतात. "एवढ्याशानं काय होतंय" असं एकादशीला त्यांना कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तो त्यांचा नेम आहे, घर तो सांभाळतं. मग माझ्या लेकीची रोजच एकादशी आहे, एवढं समजून घ्यायला काय अवघड होतं? तिचा नेम मोडला तर आतडं सोलवटतं, आणि कधीकधी बाहेरून काहीच दिसत नाही, ना उलटी ना पोटदुखी, तरी आत नुकसान होतच असतं. एकेक घासानं सवय होत नाही. ती अ‍ॅलर्जीसुद्धा नाही, की गोळी घेतली आणि निभावलं.

आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, हे सगळ्यात आधी समजलं. आयुष्यभर उपास-तापास केलेली बाई. घरी परत आल्यावर त्यांनी फळीवरची उपासाची लोखंडी कढई काढून माझ्यासमोर ठेवली. "ह्यात गव्हाचा कण कधी गेला नाही. आजपासून ही पोरीची." माझ्या स्वयंपाकघरात लेकीची वेगळी व्यवस्था तिथून सुरू झाली.

तर तुमच्या स्टार्टरचं म्हणाल तर पदार्थ सोपे आहेत, सांभाळायचं ते पीठ, हिंग आणि तेल. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली तर दगडात अडकलेला गहू तुमच्या पिठात येतो. आधी मूठभर तांदूळ फिरवून गिरणी 'साफ' केली असं गिरणीवाला सांगेल, त्यावर जाऊ नका. ज्या घरघंटीत गहू दळला जात नाही ती शोधा, ओळखीत कुणाकडं तरी असते. डाळही तिथंच दळून घ्या, बेसन बाहेरचं नको. नाहीतर पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं पीठ घ्या. आपल्याकडं तसं लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. आकडा बघा केवढासा आहे, आणि मग पुरीचं तेल आठवा.

मी असेन तर सोलापूरची कडक भाकरीच पुढं करीन, छोट्या आकारात. ज्वारीच्या पिठात धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं म्हणून उकड काढायची. वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणायची, त्यात वाटीभर पीठ सोडून गॅस बंद, झाकण ठेवून वाफ मुरू द्यायची, मग गरम असतानाच पाण्याचा हात लावून चांगलं मळायचं. पीठ ताजंच हवं. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेला चिरते, मग लोक म्हणतात ज्वारीला गम घालावा लागतो. पातळ थापून तळहाताएवढ्या करा, तव्यावर दोन्हीकडून भाजा आणि मग अगदी मंद आचेवर कडक होऊ द्या. आदल्या दिवशी करून डब्यात ठेवता येतात. देताना वर घट्ट चक्का, त्यावर आपली शेंगा चटणी, डाळिंबाचे चार दाणे, कोथिंबीर. ऐन वेळीच लावा, आधी लावलं तर मऊ पडतात. शेंगा चटणी कुटलेलीच हवी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. मिक्सरमधला कोरडा भुगा पुढं ठेवू नका, सोलापूरच्या घरात ते शोभत नाही.

कोथिंबीर वडी कराच. दोन वाट्या बेसनाला अर्धी वाटी तांदळाचं पीठ, तीळ, आलं-लसूण-मिरची, हिंग न घालता. कोथिंबीर धुऊन नीट निथळली तर पाणी जवळजवळ लागत नाही. वाफवून पूर्ण गार झाल्यावर कापा, गरम कापली की फुटते आणि दोष रवा न घातल्याला दिला जातो. तांदळाच्या पिठानं ती रव्यापेक्षा छान कुरकुरीत होते, हे मी अक्कांच्या वडीशी तुलना करून सांगतेय आणि यावर मी मागं हटणार नाही.

मूगडाळीची भजी, साबुदाणा वडा, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा हे सगळं चालतं, कृती तुम्हाला येत असणारच. थंडीत कार्यक्रम असेल तर हुरड्याचं थालीपीठ, त्यासारखं दुसरं काही नाही. एरवीच्या थालीपिठाला भाजणी विकतची नको, तिच्यात बहुतेक गहू असतो. पनीरचं काही करणार असाल तर सोया सॉस टाळा, तो सहसा गव्हावरच आंबवलेला असतो. ओट्सही नकोत, साधे ओट्स गव्हाबरोबर मिसळलेले निघतात.

आणि सगळ्यांना हेच द्या. एका पोरासाठी कोपऱ्यात वेगळी बशी आणि बाकीच्यांना समोसे असं करू नका. समोसा वाढलेला हात त्याच्या बशीत जातो, आणि त्या वयात पोराला वेगळं काढलेलं फार लागतं. माझी लेक कार्यक्रमांना यायलाच नको म्हणायची, तिला पोट दुखण्याचं भय नव्हतं, लोक बघतात याचं होतं. एवढे पदार्थ गव्हाशिवाय होत असताना एका संध्याकाळी सगळ्या घरानं गहू सोडायला काय हरकत आहे? जेवणात पोळ्या ठेवायच्या असतील तर ठेवा, पण त्या वेगळ्या टेबलावर, आणि लाटणं-पोळपाट स्टार्टर करून झाल्यावरच बाहेर काढा.

एक राहिलं. त्या मुलाच्या आईला आधी फोन करून विचारा, त्याला सिलिअ‍ॅक आहे की घरच्यांनी नुसतं पोट साफ राहावं म्हणून गहू सोडलाय. दुसरं असेल तर कढईपर्यंत जायची गरज नाही, साधं बेसन आणा आणि निवांत राहा. आणि हे वाचून तुमच्यापैकी कुणाला स्वतःबद्दल शंका आली तर आधी गहू सोडू नका. गहू खात असतानाच रक्ततपासणी करायची असते, सोडल्यावर आजार असूनही ती नीट येऊ शकते आणि निदान राहून जातं.

फोनवर त्या माऊलीला पिठाचं, तेलाचं, हिंगाचं सगळं सांगा, ती विचारायला संकोचत असते. एवढं करूनही ती त्याचा डबा घेऊन आली तर वाईट वाटून घेऊ नका. तिनं तुमच्या हाताला नावं ठेवलेली नसतात. एक घासलेलं ताट पुढं करा, डबा त्यात काढू द्या, आणि त्याला सगळ्यांच्या पंगतीत मधोमध बसवा.