उतरताना आधी विमान सांभाळ

सोलोला, म्हणजे एकट्याने विमान उडवायला, लागल्यापासून उतरतानाच गोंधळ उडतो, असं लिहिलंयस. सगळ्यांचाच उडतो, घाबरू नकोस. सध्या एवढंच पाळ:

– हवामान ऐकणं, रेडिओची फ्रिक्वेन्सी लावणं ही कामं विमानतळ लांब असतानाच उरक.
– सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या फेरीत, शिरलास की नजर बाहेर. वेग आणि उंचीकडे अधूनमधून ओझरती.
– टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) रेडिओवर काही विचारलं आणि हात गुंतलेले असले, तर 'स्टँडबाय', म्हणजे 'जरा थांबा', म्हण. उत्तराच्या घाईत वेगाकडे दुर्लक्ष होतं. नवशिक्यांची ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

२९ डिसेंबर १९७२ ला मायामीत उतरायला आलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानात पुढचं चाक खाली आल्याचं दाखवणारा दिवा लागेना. सगळे त्या दिव्यामागे लागले. ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं, विमान हळूहळू खाली जात राहिलं, आणि ते ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलं होतं, गेला होता फक्त बल्ब. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगतो.

काही बिनसलंय असं वाटलं तर सरळ गो-अराउंड कर, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन नव्याने ये, त्यात कमीपणा मुळीच नाही. क्रॉसविंडचे (धावपट्टीला आडव्या वाऱ्याचे) बारकावे नंतर बघू. आधी दहा शांत लँडिंग होऊ देत.