इयागो करतोयस? आधी त्या भुवया खाली घे

राज्य नाट्य स्पर्धेला शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' आणि सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा इयागो तुझ्याकडे, हे ऐकून बरं वाटलं. परभणीत नवख्या पोराला एवढी भूमिका कोण देतं! मोठी म्हणजे खरंच मोठी. खुद्द ऑथेल्लोपेक्षा याची वाक्यं जास्त. पाठांतराचं टेन्शन घेऊ नको, ते होतं.

पण ते भुवया उडवणं, तिरकं हसणं आजच बंद कर. नाटकात सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात. तू पहिल्याच प्रवेशात खलनायक दिसलास तर ऑथेल्लो बावळट ठरतो आणि प्रयोग तिथंच बसतो.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश रोज वाच. ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ डेस्डिमोनापासून, म्हणजे ऑथेल्लोच्या बायकोपासून, निघून जातो आणि इयागो नुसतं पुटपुटतो, हे काही आपल्याला पटलं नाही. बस्स. आरोप नाही. पुढं ऑथेल्लो विचारतो, कॅसिओ प्रामाणिक नाही का? हा त्याचाच शब्द परत करतो : "प्रामाणिक, सरकार?" तिथं थांब. पूर्ण एक श्वास. विरजण लावून बाजूला बसायचं, दही ऑथेल्लोच्या डोक्यात लागतं. वर मत्सरापासून जपा, हेही हाच सांगतो. काय माणूस आहे!

डेस्डिमोनाचा रुमाल, पुढं जो तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो, तो मिळाला की मिरवू नको, सरळ खिशात टाक.

गो. ब. देवलांचं नाटक 'झुंजारराव' (१८९०) मिळव. हीच गोष्ट, मराठी मातीतली; मोठ्यानं वाचलंस तर जीभ सुटेल.

आणि माईकच्या भरवशावर राहू नको. कानात सांगितलेलं शेवटच्या रांगेलाही कळलं पाहिजे.