वाचकांचे प्रश्न : कर्णबधिर उमेदवाराला कामावर घेताना

प्रश्न : गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप असून सुमारे ४५ कामगार आहेत. तपासणी विभागातील जागेसाठी डिप्लोमा झालेल्या एका कर्णबधिर तरुणाने अर्ज केला आहे. गुण उत्तम आहेत. परंतु त्याला शेडमध्ये घेणे धोक्याचे ठरेल, असे सुपरवायझरचे मत आहे. शिवाय कायद्याप्रमाणे आम्ही काही धोरण जाहीर करायला हवे होते, असेही कळते. काय करावे?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : आधी धोरणाविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, साहाय्यक साधने आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक या बाबी असाव्या लागतात. चार टक्के आरक्षण मात्र सरकारी आस्थापनांसाठी आहे. ते आपल्याला लागू नाही.

धोक्याचा मुद्दा गंभीर आहे, म्हणूनच तो अंदाजाने निकालात काढू नये. तपासणीच्या टेबलावर मायक्रोमीटरने व्यास मोजणे, गेज लावून पाहणे, नापास जॉब (मशीनवर तयार झालेला भाग) बाजूला ठेवून त्याची नोंद करणे, यांपैकी कशालाही कान लागत नाहीत. कान लागतात ते फोर्कलिफ्टच्या हॉर्नला आणि क्रेनच्या घंटीला. आणि मशीनच्या आवाजात, कानात बोळे घातलेल्या इतर कामगारांनाही त्या नीट ऐकू येतात का, हे सुपरवायझरना अवश्य विचारावे. घंटीसोबत लुकलुकणारा दिवा, वळणावर आरसा, जमिनीवर आखलेली पायवाट आणि वाटेकडे तोंड करून मांडलेले टेबल एवढी व्यवस्था केली, तर ती साऱ्या शेडच्या उपयोगाची ठरेल. अशा वाजवी सोयी करून देणे हे उपकार नव्हेत. कायद्याला ते अपेक्षितच आहे.

मुलाखतीत प्रश्न लिहून द्यावेत किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवावा. सर्वांत चांगले म्हणजे ड्रॉइंग आणि दोन-तीन जॉब हाती देऊन प्रत्यक्ष तपासणी करायला सांगावी; इतर उमेदवारांचीही हीच परीक्षा घ्यावी. निवड झाल्यास पगार त्या पदाचा जो असेल तोच द्यावा. ऐकू येत नाही म्हणून कमी पगारावर ठेवणे हा भेदभाव आहे, आणि कलम ३ त्याला मनाई करते.

माझ्या मते खरी अडचण दुसऱ्या पाळीत येते. आयत्या वेळी बदललेली सूचना तोंडी दिली जाते आणि ती या तरुणापर्यंत पोहोचतच नाही. पुढे चूक मात्र त्याच्या नावावर लागते. म्हणून प्रत्येक बदल फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहूनच कळवावा आणि ही जबाबदारी कोणाची, ते पाळीनुसार नाव घालून ठरवावे. धोरणाचा मसुदा कोठून तरी उतरवून घेण्यापेक्षा अशा गोष्टी त्यात लिहाव्यात, प्रत सूचनाफलकावर लावावी आणि राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तिची नोंदणी करावी.