काकांच्या खोल्या आणि आईचे क्वार्टर

प्रश्न : नारायण पेठेतील एका वाड्यात माझे काका १९६८ पासून दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. त्यांना मूलबाळ नव्हते. काकू गेल्यानंतर त्यांची देखभाल करण्यासाठी मी २००९ मध्ये त्यांच्याकडे राहायला आलो, तो आजतागायत तेथेच आहे. खोल्यांचा भाडेहक्क माझ्या नावे करणारे नोंदणीकृत मृत्युपत्र त्यांनी केले होते. त्यांच्या निधनानंतर घरमालक भाडे घेत नाहीत आणि मूळ भाडेकरू गेल्याने हक्क संपला, असे म्हणतात. मृत्युपत्राच्या आधारे दावा करावा का?

उत्तर : मृत्युपत्र बाजूला ठेवा. भाडेहक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याखालील प्रकरणात १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा मृत्युपत्राची नोंदणी झालेली असली, तरी त्याने काही फरक पडत नाही. तुमची खरी बाजू वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ७ नुसार राहत्या जागेचा भाडेकरू मरण पावल्यास, त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा त्याच्या कुटुंबातील सदस्य भाडेकरू ठरतो. असा सदस्य नसेल, तरच इतर वारसांचा विचार होतो. त्यांच्यात एकमत न झाल्यास निर्णय न्यायालय करते. हक्क मूळ भाडेकरूबरोबर संपतो, हे घरमालकांचे म्हणणे तर कायद्याच्या शब्दांविरुद्धच आहे. पुढच्या भाडेकरूच्या मृत्यूनंतरही हीच तरतूद लागू राहते, असे तेथे स्पष्टीकरणात लिहिले आहे.

वाद होईल तो 'कुटुंबातील सदस्य' या शब्दांवर. पुतण्या त्यात येतो की नाही, हे नुसत्या नात्यावरून नव्हे, तर तुम्ही एका चुलीवर राहत होता का, यावरून पाहिले जाईल. समोरची बाजू तुम्हाला पोटभाडेकरू ठरवू पाहील, हे धरूनच चाला. शिधापत्रिकेवर दोघांची नावे असणे, मतदारयादीतील नोंद, त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रे, काकांच्या दवाखान्याच्या कागदांवरील तुमची सही, अशा गोष्टींना येथे मोल आहे. वाड्यातील जुन्या शेजाऱ्यांची साक्षही सहसा कागदाइतकीच कामी येते.

भाडे थकू देऊ नका. दर महिन्याला मनीऑर्डर करा आणि ती नाकारली गेल्याचा शेरा जपून ठेवा. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी घरमालकांना लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, पण तेवढ्यावर विसंबू नये. खोल्यांना कुलूप लावून दुसरीकडे राहायला जाण्याचा विचार मनात असेल, तर तो सोडून द्या, कारण सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे हे कलम १६ खाली ताबा मागण्याचे कारण ठरते. नळ किंवा वीज तोडली गेल्यास कलम २९ खाली दाद मागता येते. पुण्यात हे वाद लघुवाद न्यायालयात चालतात.

प्रश्न : आई महापालिकेत सफाई कामगार होती आणि आम्ही महापालिकेच्या क्वार्टरमध्ये लहानाचे मोठे झालो. ती सेवेत असतानाच वारली. क्वार्टर वारसाने माझ्या नावे होईल का?

उत्तर : होणार नाही. महापालिकेसारख्या स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, आणि क्वार्टर तर नोकरीला जोडून दिलेले असते. कितीही वर्षे राहिलात, तरी त्यातून वारसा निर्माण होत नाही. अनेक कुटुंबे येथेच फसतात, कारण सफाई कामगारांसंबंधीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळते, तशी खोलीही मिळेल, असे ती धरून चालतात. नोकरी मिळाली, तर क्वार्टरसाठी स्वतःच्या नावे नवा अर्ज करा आणि तो निकाली निघेपर्यंत तेथेच राहू देण्याची लेखी विनंती करा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ८१-ब खाली जागा रिकामी करण्याचा आदेश काढण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. ती आली, की मुदतीत लेखी उत्तर द्या आणि नोकरीच्या अर्जाची पोच त्याला जोडा.