पोथीला प्लॅस्टिक नको, गव्हाचा चीक चालेल

प्रश्न : आमच्या माळवदाच्या घरात सासरेबुवांच्या हातच्या पोथ्या आहेत. कसर लागली आहे, काही पानं कडेनं फाटली आहेत. मुलगा म्हणतो, लॅमिनेशन करून टाकू. डांबरगोळ्यांच्या वासानं माझं डोकं उठतं. नैसर्गिक उपायांनी पोथ्या जपता येतील का? की एसी लावावा लागेल?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आधी मुलाला थांबवा. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक तापून कागदाच्या तंतूंत शिरतं. पुढे ते काढायला जावं तर पानच हाती येत नाही. चिकटपट्टीचंही तेच. पट्टी गळून पडते, पिवळा डाग कायमचा राहतो.

डांबरगोळ्या आजच बाहेर काढा. त्यांनी कीड फार तर लांब राहते, आत घातलेली अंडी मरत नाहीत. कीड मारायला गारठा पुरतो. पोथी जाड पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांपर्यंत जाणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं. रंगीत चित्रांची पोथी मात्र फ्रीझरमध्ये घालायची नाही.

'नैसर्गिक' या शब्दावर मी आंधळा विश्वास ठेवत नाही. अजिंठ्यात 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं इटलीहून बोलावलेल्या चेक्कोनी आणि ऑर्सिनी या चित्र-संवर्धकांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. लाख नैसर्गिकच! पण ती पिवळी पडली, तडकली आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना द्रावकं वापरून जपून जपून काढावी लागली. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेचे तंतू मिसळलेले सापडले, आणि त्यामुळेच तिथला गिलावा किडीपासून बचावला, असं 2016 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. म्हणून एखादी वस्तू झाडाची की कारखान्याची, हे मी नंतर बघतो. लावलेलं उद्या काढता येईल का, हे आधी.

या कसोटीला आपला गव्हाचा चीक पुरेपूर उतरतो. जगभरचे कागद-संवर्धक गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात. ती ओलावली की सुटते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून काढता तोच चीक, फक्त मीठ नको. वरचं पाणी दोन-तीनदा ओतून टाका, मंद आचेवर चकाकी येईतो शिजवा, गार झाल्यावर गाळणीतून घोटा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. तो अजिबात घालू नका, त्यातल्या तांब्यानं कागद ठिसूळ होतो.

ठिगळाला खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद आणा, मिळेल तितका पातळ. कात्री न लावता ओल्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेचे मोकळे तंतू पानात मुरतात. खळ अगदी पातळ लावा. जाड थर म्हणजे कसरीला जेवण. त्याआधी एका अक्षरावर ओल्या कापसाचं टोक टेकवून बघा. शाई, विशेषतः तांबडी, सुटली तर तिथं पाणी लावूच नका.

एसीची गरज नाही. माळवदाच्या जाड मातीच्या भिंती तापमान हळूहळू बदलू देतात, पोथीला तेच मानवतं. आयआयसी आणि आयकॉम-सीसी या संवर्धकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही 2014 साली जाहीर केलं, की संग्रहालयातल्या हवामानाचे नियम ताठर नकोत, विजेचा आणि पर्यावरणाचाही विचार व्हावा. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट तेवढं टाळा. पोथ्या धुतलेल्या सुती कापडात बांधून मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. शेजारी वेखंड आणि वाळलेल्या कडुनिंबाची पुरचुंडी चालेल. पानांमध्ये पाला घालू नका, डाग पडतात. आणि पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून घ्या. कसर पान पोखरायला वर्षं घेते, गळकं माळवद एका रात्रीत सगळा गठ्ठा भिजवतं.