रताळ्याचे वेल गुरांना, सूप मात्र पुण्याहून

प्रश्न : आम्ही बेळगुंदीकडचे. दोन एकरात रताळी असतात. वय ६३, बीपीची एक गोळी चालू आहे. दिवाळीला पुण्याहून सून आली ती जपानी सामान घेऊनच : मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनची) पेस्ट, समुद्री शेवाळाचे कागद, हिरव्या चहाची पूड. म्हणते, जपानी माणसं शंभरी गाठतात, तुम्ही रात्रीची भाकरी सोडून हे मिसोचं सूप प्या. आमची मंडळी म्हणते, गप भाकरी खावा. कुणाचं ऐकू?
– एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : दादा, पत्र वाचून मला हसूच आलं. ज्या म्हाताऱ्यांचं नाव घेऊन सूनबाईंनी सूप आणलं, त्यांचं मुख्य अन्न तुमच्या खळ्यात ढीग लावून पडलंय.

शंभरीची गोष्ट निघाली की ओकिनावाचं नाव निघतं. जपानच्या दक्षिणेची ही बेटं. तिथं १९४९ साली लोकांच्या खाण्याची पाहणी झाली, तेव्हा पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश एकट्या रताळ्यातून येत होते. भात थोडा, मासे आणि डुकराचं मांस नावापुरतं. बाकी पालेभाजी, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, आणि कारलं. हो, आपलं कारलंच. तिकडं त्याला ‘गोया’ म्हणतात. यात हौस कसली? गरिबी होती. वादळात भात आडवा व्हायचा, रताळं मातीखाली शाबूत राहायचं. पुढं त्याच बेटांवर अमेरिकन लष्कराचे तळ पडले, डबाबंद मांस आणि बर्गर आले, आणि २००० साली पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा जपानच्या ४७ प्रांतांत २६ वा आला. म्हणजे आयुष्य काही तिथल्या हवेत नव्हतं.

आता मिसो. हे मी स्वतः भोगलंय. भाच्यानं डबा दिला, मी महिनाभर रोज दोन वाट्या सूप प्याले, आणि हाताच्या सवयीनं वर चिमूटभर मीठही टाकत राहिले. बीपीचा वरचा आकडा १३० चा १५० झाला. मग चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. मिसोमध्ये शंभर ग्रॅमला बारा ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. वाटीभर सुपातून दीडेक ग्रॅम जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. चाळीस वर्षं लोकांना आहार सांगणाऱ्या बाईची ही गत!

जपानी जेवणाची दुखरी नस हीच. उत्तरेकडच्या अकिता भागात एके काळी माणसं दिवसाला वीस ग्रॅमच्या वर मीठ खात होती आणि पक्षाघाताने जात होती. नागानो प्रांताचीही तीच कथा. तिथं गावोगावच्या बायकांनी मनावर घेतलं, घरोघरी जाऊन सुपातलं मीठ मोजलं, वाट्या कमी करायला लावल्या. पुढं तोच प्रांत आयुर्मानात जपानात पहिल्या रांगेत आला. कोरियाच्या किमचीलाही, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या खारट लोणच्यालाही, हाच हिशेब लावा. तेव्हा सूनबाईंना दुखवू नका. आठवड्यातून एकदा पातळ सूप प्या, त्या दिवशी ताटात लोणचं, पापड आणि ताकातली मिरची नको. शेवाळाचे कागद नातवाला द्या. थायरॉईड असणाऱ्यानं मात्र ते रोज खाऊ नये, त्यात आयोडीन फार असतं.

रताळं कसं खायचं, ते महत्त्वाचं. उकडून, सालीसकट. उकडलेल्याची साखर रक्तात सावकाश उतरते, निखाऱ्यात भाजलेल्याची झटकन. आणि ते भाताच्या जागी. भात जेवून वर रताळं नव्हे. महाशिवरात्रीचा तूप-शेंगदाण्यातला कीस तर यात धरूच नका. एक गोष्ट कबूल करते : आपल्याकडचं रताळं बहुतेक पांढऱ्या गराचं, त्यात केशरी गराइतकं कॅरोटीन (ज्यापासून शरीरात जीवनसत्त्व अ बनतं ते) नसतं. पण पोटॅशियम आणि चोथा भरपूर, आणि बीपीला पोटॅशियमचा उपयोग होतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

तुम्ही वेल गुरांना घालता ना? ओकिनावात त्याच पाल्याची भाजी करतात. मी तिलकवाडीच्या बाजारात एका मावशीला सांगून मागवला. कोवळे शेंडे, लसूण, सुकी मिरची, थोडी जवारी मसूर. चवीला तांबड्या भाजीच्या जवळ, किंचित बुळबुळीत. घरात दोघांना आवडली, एकाला नाही.

तिकडची आणखी एक सवय आहे : ‘हारा हाची बू’, पोट दहातले आठ भाग भरलं की थांबायचं. आमच्या शेजारच्या कन्नड आजी दुसरी वाढणी यायच्या आत ताटावर हात आडवा धरून ‘साकु’ म्हणायच्या, आणि मग कुणाची टाप नव्हती वाढायची. तुमच्या मंडळींची भाकरी सोडू नका. तिसरी तेवढी सोडा.

प्रश्न : येळ्ळूर शिवारात आमची घरची बासमती. जपानी लोक तिन्ही त्रिकाळ पांढरा भात खातात, मग साखर वाढली म्हणून मलाच भात कमी का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, त्यांची वाटी बघा. हातात मावते, शिजलेला भात दीडशे ग्रॅमच्या आसपास. आपण डोंगर रचतो आणि आमटीसाठी वर खड्डा करतो. आधी भाजी-उसळ संपवा, भात शेवटी घ्या. जेवणानंतरची साखर कमी चढते.

आणि नुसत्या पांढऱ्या भातानं त्यांचंही नुकसान झालंय. १८८२-८३ च्या सफरीत त्यांच्या ‘र्‍यूजो’ या लढाऊ जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी (पायांतली ताकद जाऊन हृदयही कमकुवत करणारा रोग) झाला, २५ जण गेले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ च्या सफरीत जेवण बदललं, नुसत्या भातावरचा भर काढला, आणि रोग जवळपास थांबला. कोंड्यासोबत जीवनसत्त्व ब-१ निघून जातं आणि त्याच्या अभावानं हा रोग होतो, हे नंतर कळलं. तेव्हा घरच्यासाठी एक पोतं वेगळं काढा आणि गिरणीवाल्याला सांगा, याला पॉलिश मारू नको. बासमतीचा वास कुठं जात नाही. फक्त तांदूळ तासभर आधी भिजत घाला.