आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?

विशेष मुलांच्या आईवडिलांशी बोलताना हा प्रश्न येतोच. कुणी आल्या आल्या विचारतं, कुणी निघताना, चपला घालता घालता. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारानं तो बसायच्या आधीच विचारला होता. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या जन्मजात फरकानं वाढ सावकाश होते, ती अवस्था) असलेला, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी मी लगेच धीर देत नाही. ‘होईल हो सगळं नीट’ म्हटलं की आईबापांना ते पोकळ आहे हे कळतं. मी त्यांना म्हटलं, सकाळी उठल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंत घरात काय काय होतं, ते सांगा.

मुलाची आई, म्हणजे ताई, सांगत गेल्या. दात त्या घासून देतात. अंघोळ आजी घालते. शर्ट-चड्डी पुन्हा ताई. दुधात कुस्करलेली भाकरी आजी भरवते. दप्तर धाकटी बहीण उचलते, ती सात वर्षांची. शाळेतल्या बाईही मायाळू. त्यांनी त्याला मागच्या बाकावर चित्रवही आणि खडू देऊन ठेवलं होतं. वाचायला उठवायचं नाही, फळ्याजवळ बोलवायचं नाही, ‘उगाच त्याला त्रास नको’ म्हणून. सगळ्यांचा जीव होता त्याच्यावर. पण दिवस उगवून मावळेपर्यंत कुणी त्याला काहीही करायला सांगत नव्हतं. पालकांना मी हे स्पष्ट बोलते, ऐकायला कडू लागलं तरी: ज्या प्रश्नानं तुमची झोप उडालीय, त्याचं उत्तर रोज सकाळी त्याच्या हातातून काढून घेतलं जातंय.

याचं कारणही समजून घ्यायला हवं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू जरा सैल असतात, बोटांत जोर कमी असतो. सांगितलेलं डोक्यात पोचायला आणि हात हलायला वेळ लागतो. तेवढा वेळ घरात कुणी थांबत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, बाप पहाटेपासून फवारणीवर, शाळेची घाई. मुलगा हात उचलेपर्यंत कुणीतरी काम उरकलेलं असतं. मग तोही थांबायला शिकतो.

आम्ही सुरुवात शर्टाच्या बटनांपासून केली. बटनं लावायची पद्धत उलटी ठेवली: ताईंनी सगळी बटनं लावायची, शेवटचं काजात अर्धं सारायचं आणि उरलेलं अर्धं त्यानं ओढायचं. ते ओढलं की शर्ट पूर्ण झाला, आणि ‘लावलंस की रे बटन!’ ही शाबासकी त्याच्या हातानं झालेल्या कामाला मिळते. पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलं तर मूल मध्येच अडकतं आणि शेवट आईच करते. मुलाच्या वाट्याला फक्त अडकणं येतं. शेवटचं अर्धं बटन जमलं की शेवटचं पूर्ण बटन, मग शेवटची दोन. बटन मोठं हवं, काज जरा सैल करून घ्यायचं, आणि बटनं वरून खाली लावत शेवट खालच्या बटनावर होईल असं पाहायचं, कारण ते त्याला मान खाली घालून दिसतं. सराव संध्याकाळी, सकाळच्या धांदलीत नाही. सांगून झालं की मनात दहा आकडे मोजायचे, तोवर हात पुढे करायचा नाही. ताई म्हणाल्या, या दहा आकड्यांचाच त्यांना सगळ्यात त्रास झाला. दात घासणं, पॅन्ट वर ओढणं, ताट उचलून मोरीत ठेवणं, सगळं याच रीतीनं बसवता येतं. या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं, म्हणून न्हाणीघराच्या दारावर त्याचेच फोटो क्रमानं लावले.

आजींना हे पटेना. ‘एवढंसं पोर, त्याला कशाला राबवताय?’ म्हणून त्या रुसल्या. त्यांना बोलावून घेतलं, कारण घरातलं एक माणूस भरवत राहिलं तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. भाकरी कुस्करून देणं त्यांच्याकडेच ठेवलं, घास मात्र त्यानं उचलायचा. सांडलं तर सांडू दे.

बहिणीचं वेगळं. ‘ही आहे की, ही बघेल त्याला पुढं,’ असं वडील तिच्यासमोरच म्हणाले. सात वर्षांच्या मुलीकडून असा शब्द घेऊ नका, असं मी त्यांना विनवलं. उद्या ती मोठी होऊन आपणहून भावाला धरून राहिली तर चांगलंच. आज तिनं फक्त स्वतःचं दप्तर उचलावं.

शाळेची तक्रार होती की हाक मारली तरी तो ऐकतच नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं आणि थायरॉईड कमी असणं बरंच आढळतं, म्हणून आधी कान आणि रक्त तपासायला सांगितलं. ऐकू खरोखरच कमी येत होतं. कानाच्या डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, आणि बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं. गट साधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणारं तालुक्याचं शिक्षण केंद्र) विशेष शिक्षकांसोबत बसून त्याच्यापुरता वेगळा शिक्षण आराखडा केला. वर्ग मोठी बेरीज करत असेल तेव्हा तो पाचपर्यंतच्या वस्तू मोजेल, पण त्याच तासाला, त्याच वर्गात. खिचडीच्या वेळी आपल्या रांगेत प्रत्येक मुलापुढे एक ताटली ठेवायचं कामही पाळीप्रमाणे त्याच्याकडे आलं. इतरांची पाळी असते तशीच त्याचीही. तास बुडवून त्याला कामाला लावायचं नाही, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घेतलं.

‘याला विशेष शाळेत घाला’ असं कुणी दडपणानं सांगत असेल, तर पालकांना हे ठाऊक हवं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि निवड तुमची. काही मुलांना विशेष शाळाच मानवते. या मुलाला गावातली मुलं ओळखत होती, त्याच्याशी खेळत होती, म्हणून मी इथंच राहू द्या म्हटलं.

वडिलांच्या मूळ प्रश्नाचा कागदोपत्री भागही आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आधी काढा, बाकी योजना त्यावर चालतात. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मुलगा १८ वर्षांचा झाला की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जमीन-घराची वाटणी डोक्यात असेल तर वकिलाशी आत्ताच बोला, भावकीवर सोडू नका.

बटनं आता त्याची तो लावतो. वरचं, गळ्यापाशी असलेलं, अजून ताई लावतात. सध्या सराव दहाच्या नाण्याचा चालू आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात नाणं द्यायचं, बिस्किटाचा पुडा घ्यायचा. दुकानदारालाही दहा आकडे थांबायला सांगून ठेवलंय.